भिंगरीच्या डोळ्यातला बुडबुडा

माझ्या मेहुण्याला त्याच्या आईसकट सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत, पण ती निदान जेवताना तरी बूड टेकतात. हा नाही. सकाळी खालच्या गोदामातून वेफर्स आणि बिस्किटांची खोकी टेम्पोत भरायची, घाट चढून वरच्या गावातल्या दुकानांना पोचवायची, रिकामा टेम्पो खाली आणायचा, पुन्हा भरायचा. त्याचं घर वरच्या गावात, आमचं पायथ्याशी. जातायेता आमच्याकडे डोकवायचा, बहिणीच्या हातचा चहा घ्यायचा, तोही उभ्या उभ्या, एक हात दाराच्या कडीवर. मी शिंपी. माझं अख्खं आयुष्य एका स्टुलावर गेलं. म्हणून असेल, हा माणूस दारात आला की माझ्या सुईतला दोरा तुटायचा.

एक डोळा त्याचा लहानपणीच दगड लागून गेलेला. तरी त्याला लायसन कसं मिळालं हे त्याने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. गाडी मात्र अशी चालवायचा की घाटातली माणसं त्याच्या मागे गाडी लावून निश्चिंत यायची.

त्या उरलेल्या डोळ्यासमोर एक दिवस काळे ठिपके नाचायला लागले. मग कोपऱ्यातून काहीतरी काळं सरकत यायला लागलं. हा तशातही गाडी चालवतच होता. शेवटी चहाचा कप घेताना त्याचा हात कपाच्या शेजारून हवेतच गेला, तेव्हा माझ्या बायकोने त्याची कॉलर धरली आणि सरळ डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेऊन बसवला. कॉलर मीच शिवलेली होती, टिकली.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, डोळ्याच्या आत अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ गर असतो. तो आक्रसला की मागच्या पडद्याला ओढतो. तुमचा पडदा फाटलाय आणि सुटत चाललाय. तो गर काढावा लागेल, पडदा जागेवर बसवावा लागेल.

"आणि गर परत घालणार?" भिंगरीने विचारलं.

"तो परत घालता येत नाही. त्याच्यासारखा हुबेहूब दुसरा अजून कुणाला बनवता आलेला नाही. प्रयत्न चालू आहेत. तोपर्यंत आमच्याकडे दोन गोष्टी. एक तेल, एक गॅस. पडदा चिकटेपर्यंत आतून दाब देऊन धरायला."

हे मला लगेच कळलं. कॉलरला बकरमचं कडक कापड चिकटवताना इस्त्री दाबून धरावी लागते. गोंद धरायच्या आत उचलली की फुगे आलेच. मी तसं म्हणालो तर बाई हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसंच.

तेल घातलं तर थोडंफार लगेच दिसेल, पण काही महिन्यांनी ते काढायला पुन्हा ऑपरेशन. गॅस घातला तर काही आठवडे नुसता उजेड आणि अंधार एवढंच कळेल. पण गॅस आपला आपण विरघळतो, त्याच्या जागी डोळ्यातलंच पाणी भरतं, पुन्हा कापाकापी नाही. एकच डोळा असल्यामुळे बाईंचा कल तेलाकडे होता.

"गॅस," भिंगरी म्हणाला. "पुन्हा येऊन पडायला मला वेळ नाही. एकदाच काय ते."

"गॅस असेपर्यंत विमानात बसायचं नाही हं. जाणार आहात कुठे?"

"विमान? बाई, वेफर्सच्या धंद्यात टेम्पोचं डिझेल परवडत नाही!"

नर्ससकट सगळे हसले. हसण्यात विमानाचा विषय संपला. पत्ता विचारला तेव्हा माझ्या बायकोने आमचा सांगितला, कारण राहणार तर तो आमच्याकडेच होता. त्यामुळे बाईंच्या डोक्यात हा माणूस पायथ्याचा, हॉस्पिटलपासून चार गल्ल्या सोडून राहणारा. घाटाचं नाव कुणी काढलं नाही. आम्हाला तो कधी उंच वाटलाच नव्हता. रोज भाजीला जावं तसा हा तिथून जाऊन यायचा.

ऑपरेशन झालं आणि खरी शिक्षा सुरू झाली. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून पडद्यावर दाब यायचा तर तोंड जमिनीकडे. जागेपणी, झोपेत, जेवताना, सदासर्वकाळ. मी माझ्या कापणीच्या टेबलाच्या टोकाला जाड फोम लावला, त्यात चेहऱ्याएवढी खाच कापली आणि त्याला तिथे पालथा घातला. मापाला अगदी बरोबर बसला. शिवणकामात मी कधी कुणाच्या नाकाचं माप घेतलं नव्हतं, तेही झालं.

बाकी अंग थाऱ्यावर नव्हतं. पाय सतत टेबलावर ठेका धरायचे. बोटं फोम कुरतडायची. जमिनीकडून आवाज यायचा, "दाजी, तुमच्या मशीनचा पट्टा सैल आहे." थोड्या वेळाने, "दाजी, वाजले किती?" मी सांगायचो. "मघाशी पण तेवढेच होते!" मी म्हणायचो, "मघाशी म्हणजे तू आत्ता विचारलंस तेव्हा." मग बहिणीला हाक, मग पाणी, मग पाणी नको. दुकानात येणारी गिऱ्हाईकं दारातूनच कपडे देऊन जायला लागली. टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसासमोर ब्लाउजचं माप द्यायला कोण थांबणार?

सगळ्यात जास्त जीव टेम्पोत अडकलेला. एजन्सीने त्याच्या जागी तात्पुरता एक वयस्कर ड्रायव्हर दिला होता. भिंगरीने त्याचं नाव गोगलगाय ठेवलं. हा दिवसातून दहादा फोन लावायचा, खाच केलेल्या फोममधून ओरडायचा, "कुठे पोचलात? अजून? अहो, चालत गेलात तरी पोचाल! क्लचवर पाय ठेवून चालवू नका!" ते बिचारे शांतपणे म्हणायचे, "नाही ठेवत हो. तुम्ही आराम करा." आराम ह्या शब्दाने तर त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आठवडा कसाबसा निघाला. तपासणीला गेलो, बाई म्हणाल्या पडदा छान बसलाय, मान खालीच ठेवा. घरी आल्यावर वरच्या गावातून त्याच्या बायकोचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पांत ती सहज म्हणाली, आज टेम्पो दुकानासमोर थांबला तेव्हा जळका वास येत होता. झालं. "जाळला क्लच गोगलगायीने," भिंगरी म्हणाला. "उद्या मी घरी जाणार. पालथं पडायचं तर तिथेही पडता येतं. खिडकीतून निदान गाडीचा आवाज तरी ऐकेन."

माझी बायको म्हणाली, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही." मी हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या मुलीने आत विचारून सांगितलं, बसने जवळपास जायचं असेल तर मान खाली ठेवून जा. जवळपासच होतं. एका तासाचा रस्ता.

सकाळच्या बसमध्ये आम्ही मधल्या सीटवर बसलो. तो पुढच्या दांड्यावर उशी ठेवून त्यावर कपाळ टेकवून. डोळ्यावर जाळीचं झाकण. बस घाटाला लागली तसा त्याच्यात जीव आला. डोळ्याने काही दिसत नव्हतं, पण प्रत्येक वळण त्याला पोटात कळत होतं. "हा आंब्याचा बुंधा गेला. आता गिअर बदलेल. बघा, उशिरा बदलला. आता नालेचं वळण." मी बाहेर बघायचो, तर खरंच घोड्याच्या नालेसारखा रस्ता वळत असायचा. पहिल्यांदाच मला वाटलं, ह्याला उगाच अडकवून ठेवला होता आपण.

नालेच्या वळणानंतर तो गप्प झाला. मला वाटलं डुलकी लागली. तेवढ्यात मागच्या सीटवर फट्‌कन आवाज आला आणि एक बाई दचकून हसली. तिच्या पिशवीतलं वेफर्सचं पाकीट आपोआप फुटलं होतं.

"फुटलं ना?" उशीतून भिंगरी म्हणाला. "ह्याच्या पुढे फुटतातच. खाली भरलेली हवा वर फुगते. म्हणून मी खोक्यात जागा सोडतो, गोगलगायीला शंभरदा सांगितलं..." आणि मध्येच थांबला. मग हळू म्हणाला, "दाजी, डोळा ठणकतोय. मघापासून."

"हिसके बसताहेत, त्याने असेल."

थोडं अंतर गेलं. "दाजी, ढग आलेत का?"

बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकीच्या काचेवर हात ठेववत नव्हता. "नाही रे. चांगलं ऊन आहे."

त्याने मान उचलली. आठवडाभर जी मान उचलायची नाही म्हणून आम्ही त्याच्यावर पहारा दिला, ती सरळ वर. त्याने झाकण काढलं, तोंड खिडकीकडे केलं. डोळा लाल, दगडासारखा ताठ दिसत होता. त्याचा हात चाचपत माझ्या गुडघ्यावर आला आणि घट्ट रुतला.

"उजेड पण नाही दिसत," तो म्हणाला. "दाजी, माझ्या डोळ्यात काय भरलंय?"

आम्ही दोघांनीही एकाच वेळी त्या बाईच्या फुटक्या पाकिटाचा विचार केला, हे मला त्याच्या बोटांवरून कळलं.

मी आयुष्यात कुणावर ओरडलो नसेन. मी ओरडलो. "बस थांबवा! फिरवा बस!" कंडक्टर म्हणाला, इथे थांबा नाही. भिंगरी उभा राहिला आणि ड्रायव्हरला अशी हाक मारली की त्याने कचकन ब्रेक दाबला. दोघांची रोजची ओळख. ड्रायव्हरने मागे वळून त्याचा डोळा पाहिला आणि पुढे एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाला, "भिंगऱ्या, इथे बस फिरत नाही, तुलाच माहीत आहे. वर जाऊनच फिरवता येईल." वर म्हटल्याबरोबर आम्ही दोघं उतरलो.

बस गेली. कठडा, दरी, ऊन आणि आम्ही. खालून येणाऱ्या गाड्या होत्या, खाली जाणारी एकही नाही. बायकोला फोन लावला तर रेंज नाही. मी म्हणालो, सावलीत बस, काहीतरी येईल. तो म्हणाला, "बसू? प्रत्येक पाऊल खाली गेलं तर तेवढं फुगणं कमी. चला." आणि माझ्या शर्टाचं मागचं टोक मुठीत धरून तो चालायला लागला. मान खाली. मी पुढे, तो मागे, आंधळ्या बैलासारखा मला ढकलत. माझे गुडघे स्टुलाला सरावलेले, उताराला नाही. मला धाप लागली. मनात एकच घोळत होतं, हा डोळा गेला तर ह्याला दुसरा नाही, आणि बसमध्ये मी त्याच्या शेजारी बसलो होतो.

तो बोलत होता. "पाकीट फुटतं तसा फुटेल का हो?"

"नाही रे."

"तुम्हाला काय माहीत? शिंपी तुम्ही."

मागून हॉर्न आला. वळून पाहिलं तर आमचाच टेम्पो. वरचा माल उतरवून गोगलगाय खाली निघाले होते, नेहमीप्रमाणे रस्त्याची क्षमा मागत मागत. त्यांनी आम्हाला पाहिलं, गाडी थांबवली, शांतपणे दार उघडलं. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी फक्त पट्टा बांधला.

मग त्या माणसाने जी गाडी चालवली! मी डोळे मिटून घेतले. भिंगरी मध्ये, गुडघ्यांत डोकं घालून, सूचना देत होता. "तिसरा टाका. आता दुसरा. ब्रेक नको, इंजिनावर धरा. हॉर्न द्या, इथे समोरून येतात." गोगलगाय प्रत्येकाला "बरं" म्हणत होते. एकदा भिंगरी म्हणाला, "क्लच चांगला आहे की." ते म्हणाले, "मी सांगतच होतो." पुढे नालेचं वळण झालं, आंब्याचा बुंधा झाला, आणि त्याच्या तोंडून सूचना यायच्या थांबल्या. माझा हात त्याच्या पाठीवर होता.

"काय झालं?"

"उजेड," तो म्हणाला. "दाजी, उजेड आला. मळकट आहे, पण आला."

मी सांगतो, रडलो मी. गोगलगायींनी वेग कमी केला नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी आधी सुईने थोडा गॅस काढून दाब उतरवला आणि मग आमच्यावर उखडल्या. "घर कुठे आहे तुमचं? खरं घर?" सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ डोळ्यात बघत राहिल्या. पडदा जागेवर होता. पण दाबामुळे रक्त अडलं होतं. कुठे किती इजा झाली हे गॅस गेल्यावरच कळणार होतं.

त्यांनी पुन्हा विचारलं. गॅस काढून तेल भरता येईल, मग घाट चढायला हरकत नाही, लगेच घरी जाता येईल. पण डोळा पुन्हा उघडावा लागेल, आणि नंतर तेल काढायला आणखी एकदा. नाहीतर उरलेला गॅस विरघळेपर्यंत खाली राहायचं.

मला वाटलं हा तेल म्हणणार. बहिणीलाही तेच वाटलं, तिने माझ्याकडे पाहिलं.

"बसतो मी," भिंगरी म्हणाला. "खालीच."

आणि बसला. सोपं नव्हतं. चिडचिड करायचा, दात खायचा, भिंतीला बोटं घासून रंग काढला त्याने. पण उठला नाही. मी मशीन चालवायचो आणि त्याची बोटं टेबलावर त्याच तालात चालायची. त्या दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नापासून बोललो नव्हतो. मान उचलायची परवानगी मिळाली तेव्हा त्याला नजरेत वरच्या बाजूला स्वच्छ पट्टी दिसायला लागली, खाली बुडबुड्याची हलती कड. रोज कड थोडी खाली जायची. आधी दिवा दिसला, मग दाराची चौकट, मग एक दिवस बहीण समोरून येताना तो म्हणाला, "ताई, तुझे केस किती पांढरे झाले गं!" तिने हातातला टॉवेल फेकून मारला. तो त्याने झेलला. आम्हाला वाटलं, सुटलो.

बुडबुडा वाटाण्याएवढा झाला, मग गेला. पण खाली डावीकडे एक काळा तुकडा राहिला. तो गेला नाही. बाईंनी त्याला गोल भांड्यासारख्या यंत्रात डोकं घालायला लावलं, दिवे दाखवले, बटण दाबायला सांगितलं. मग म्हणाल्या, "वाचता येईल, फिरता येईल, घरी जा आता. हा भाग मात्र परत येईल असं वाटत नाही. गाडीचं मी नाही म्हणेन."

त्याने तिथे वाद घातला नाही. घरी येऊन घातला. मान जराशी वळवली की दिसतं. दुसरा डोळा नसताना इतकी वर्षं चालवलीच ना? डॉक्टरला घाट काय माहीत? त्याच्या बोलण्यात पहिल्यांदा मला घाई नाही, भीती ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी गोगलगाय त्याला वर न्यायला टेम्पो घेऊन आले. भिंगरी म्हणाला, किल्ली द्या. दिली. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, आरसा नीट केला, दोन्ही हात चाकावर ठेवले. किती दिवसांनी त्याचे पाय हलायचे थांबले होते.

"दाजी, पुढे या. डाव्या चाकापाशी. पोरं वरच्या गावात धावत रस्त्यात येतात, तेवढे व्हा. उकिडवे बसा. मी सरळ समोर बघतो. बसलात की हात वर करा. दिसला तर दिसला."

मी गेलो. डाव्या चाकापुढे बसलो आणि हात वर केला. काचेतून त्याचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. तो सरळ समोर बघत होता, खूप प्रयत्न करून, मान न वळवता. मी हात हलवला. पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"बसा की, दाजी," तो म्हणाला.

खोटं बोलायला मला एक शब्द पुरला असता. आता बसतो, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. त्याने आणखी थोडा वेळ वाट पाहिली असती, मान किंचित वळवली असती आणि मी दिसलो असतो. हात माझा हवेतच होता.

"बसलोय रे," मी म्हणालो. "केव्हाचा."

तो हलला नाही. मग त्याने किल्ली काढली, खिडकीतून हात बाहेर काढून गोगलगायींना दिली आणि शेजारच्या सीटवर सरकला. त्यांनी गाडी सुरू केली तरी मी चाकापुढेच बसून होतो. बायकोने येऊन मला हाताला धरून बाजूला घेतलं.